वसतिगृहात नवीन आहात? मदतीची दारं आधीच पाहून ठेवा

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी सहा वर्षं काढली. कोण कशी आहे याची खबर मला सगळ्यात आधी मेसच्या मावशींकडून लागायची. "तेवीस नंबरची पोरगी चार दिवस झाले ताटावर आली नाही बघा मॅडम," एवढंच त्या म्हणायच्या. मी तेवीस नंबरमध्ये गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि ती मुलगी पडदे ओढून झोपली होती. बारावीला गणितात ९४ मार्क, इथे पहिल्या चाचणीत ३० पैकी ६. घरी फोनवर मात्र "सगळं छान चाललंय".

त्याच आवारात आठवड्यातून दोनदा समुपदेशक बसायच्या. गणिताचा जादा तास दुपारी चारला व्हायचा. तिला नेमून दिलेले एक मेंटॉर सरही होते. यातलं तिला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण स्वागत समारंभात, दोनशे मुलांच्या गर्दीत, माईक खरखरत असताना.

त्या दिवसापासून मी दरवर्षी नव्या मुलींना एक कागद करून द्यायचे. हा लेख म्हणजे त्या कागदाचंच लांबलेलं रूप. मुलगे, मुली, सरकारी वसतिगृह, विद्यापीठाचं वसतिगृह, पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारे, सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अभ्यास बिघडतो तेव्हा झोप बिघडते आणि झोप बिघडली की अभ्यास. समुपदेशक तुम्हाला इंटिग्रेशन शिकवणार नाहीत आणि गणिताचे सर तुमची रात्रीची धडधड थांबवू शकणार नाहीत. त्यामुळे दोन्ही दारं ठोठवावी लागतात. सुरुवात जे दार सोपं वाटेल तिथून करा.

पहिला आठवडा: एक फेरी आणि एक कागद

खोली मिळाली, गादी टाकली, कपाटाला कुलूप लावलं की एका दुपारी आवारात फेरी मारा. एकट्याने नको, रूमपार्टनरला घेऊन. समुपदेशन कक्ष कुठे आहे, हे डोळ्यांनी पाहून या. दाराबाहेर वार आणि वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढा. बऱ्याच कॉलेजांत समुपदेशक रोज नसतात, ठरावीक वारीच येतात, आणि नेमकं हेच वेळेवर माहीत नसतं.

दवाखाना किंवा आरोग्य केंद्र पाहा. डॉक्टर किती ते किती असतात, रात्री कोण असतं? रात्री कुणाची तब्येत बिघडली तर गेटची किल्ली कुणाकडे आणि गाडी कुणाची, हे वॉचमन काकांना विचारा. त्यांना हा प्रश्न आवडतो, कारण कुणी विचारत नाही.

मग कागद. त्यावर रेक्टरचं नाव आणि नंबर, मेंटॉरचं नाव, समुपदेशकांचे वार, आणि खालचे नंबर लिहा:

१४४१६: टेली-मानस. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास, फुकट. भाषा निवडता येते, मराठीही आहे. हा नंबर लागला नाही तर १८००-८९-१४४१६.
१०८: रुग्णवाहिका.
११२: पोलीस आणि इतर तातडीची मदत.
१८००-१८०-५५२२: रॅगिंगविरोधी हेल्पलाइन, हीसुद्धा चोवीस तास.

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइलमध्ये असेलच, पण चार्जिंग संपलेल्या मोबाइलमधले नंबर किती कामाचे असतात ते सगळ्यांना माहीत आहे. पणजी, दिल्ली, बंगळूर अशा ठिकाणी शिकायला गेलेल्यांनाही १४४१६ हाच नंबर चालतो.

तुमच्या वसतिगृहात असे नंबर भिंतीवर दिसतच नसतील तर तसं बोलून दाखवायला हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गात, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या जागी ठळक लावलेले हवेत, असं त्यात आहे. त्यामुळे तुम्ही नंबर लावायला सांगितलेत तर कुणाकडे मेहरबानी मागत नाही आहात.

कोण कोण असतं आणि कुणाकडे काय न्यायचं

नवीन मुलांचा इथे फार गोंधळ होतो. रेक्टर रोजच्या कामाला: खोली बदलणं, मेस, गेटपास, आजारपण. वॉर्डन बहुतेक ठिकाणी एखादे प्राध्यापक असतात, मोठे निर्णय त्यांच्याकडे. समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहात ही कामं बघणाऱ्याला गृहपाल म्हणतात. रूमपार्टनरशी पटत नाही, हा रेक्टरकडे न्यायचा विषय आहे आणि तो लवकर न्यायचा असतो. मुली माझ्याकडे फेब्रुवारीत यायच्या, "जूनपासून सहन करतेय मॅडम" म्हणून. जूनमध्येच आल्या असत्या तर तेव्हा खोल्याही रिकाम्या होत्या.

जाता जाता: मित्राला खोलीत चोरून ठेवून घेणं, ज्याला पुण्यात 'पॅरासाईट' म्हणतात, हे माया म्हणून होतं, मला ठाऊक आहे. पण तिसरा माणूस आला की पहिली जाते ती झोप.

मेंटॉर ही वेगळी गोष्ट. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था, तिच्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारलं जात आलंय, त्यामुळे कागदावर तरी प्रत्येकाला मेंटॉर असतोच. तो कागदावरून खाली उतरवायचं काम तुमचं. विभागाच्या कार्यालयात जाऊन यादी बघा, आपलं नाव कुणाखाली आहे ते शोधा आणि काही अडलेलं नसतानाच एकदा भेटून या. "सर, मी तुमच्या बॅचला आहे, वसतिगृहात राहतो, गाव अमुक," इतकं पुरे. पाच मिनिटांच्या या ओळखीचा उपयोग चार महिन्यांनी होतो. अडचण सांगायला अनोळखी माणसाकडे जाणं जड जातं, एकदा भेटलेल्याकडे पाय आपोआप वळतात.

काही संस्थांत हे काम वरच्या वर्गातले विद्यार्थी करतात. आयआयटी मुंबईत नव्याने आलेल्यांना विद्यार्थी-मेंटॉर मिळतात, विषय मागे राहिलेल्यांसाठी विभागवार वेगळे शैक्षणिक मेंटॉर असतात आणि या दोन्हींच्या जोडीला विद्यार्थ्यांसाठीचं वेलनेस सेंटर आहे. ही रचना मला आवडते, कारण सेमिस्टर कसं अंगावर येतं हे दोन वर्षांपूर्वी त्यातून गेलेल्याला जितकं आठवतं तितकं आम्हा शिक्षकांना आठवत नाही. तुमच्याकडे असं काही नसेल तर आपल्या शाखेचा, आपल्याच मजल्यावरचा एक सीनियर हेरून ठेवा.

रॅगिंग

थोडक्यात सांगते, कारण इथे नियम स्पष्ट आहेत. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि पालकांनी जे रॅगिंगविरोधी शपथपत्र भरलं, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे. महाराष्ट्रात तर १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "इंट्रो" द्यायला लावणं, रात्री बोलावून गाणं म्हणायला लावणं, बोलीवरून किंवा जातीवरून टिंगल करणं, याला "गंमत" हे नाव दिलं म्हणून ते दुसरं काही होत नाही. हेल्पलाइनवर नाव न सांगताही तक्रार करता येते. मेसेज आणि स्क्रीनशॉट डिलीट करू नका.

बोलीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. "आमच्याकडं", "करून राहिलो", "व्हय का" असं बोललं की हसणारी मुलं प्रत्येक वसतिगृहात भेटतात. यातली बरीच वाईट नसतात, त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्या जिल्ह्याचं मराठी ऐकलेलं असतं. पण लातूरहून आलेली एक मुलगी वर्गात प्रश्न विचारायचीच थांबली होती, कारण तोंड उघडलं की हशा. तिचा विषय मागे पडला तो यामुळे, आणि आम्ही तिला "कच्ची" समजत होतो. असं होत असेल तर समुपदेशकांना सांगा, मेंटॉरला सांगा. ही तक्रार किरकोळ आहे असं तुमचं तुम्हीच ठरवू नका.

अभ्यासाची मदत: पहिल्या चाचणीनंतरचा आठवडा सोडू नका

पहिल्या अंतर्गत चाचणीचे मार्क म्हणजे थर्मामीटर समजा. ताप किती आहे ते कळलं की त्याच आठवड्यात त्या विषयाच्या शिक्षकांकडे जा. "मला काहीच कळत नाही" असं सांगितलं तर त्यांनाही काही करता येत नाही. वही घेऊन जा आणि बोट ठेवून दाखवा: या पायरीपर्यंत येतं, पुढे अडतं. बहुतेक वेळा अडलेलं असतं अकरावीतलं काहीतरी, आणि ते एका बैठकीत सुटतं.

बऱ्याच विभागांत कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास असतात. कागदोपत्री त्याला उपचारात्मक अध्यापन म्हणतात, पोरं त्याला 'ढ वर्ग' म्हणतात. या नावापायी कितीतरी मुलं जात नाहीत. तिथे पंधरा-वीसच जण असतात, शिक्षक फळ्यावरून खाली उतरून बाकापाशी येतात, आणि हेच तुम्ही शहरातल्या महागड्या क्लासमध्ये पैसे भरून मागता. नावाचं काय घेऊन बसायचं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी हा परिच्छेद खास. पहिले दोन महिने तुम्हाला विषय येत नाही असं वाटतं, प्रत्यक्षात शब्द येत नसतात. विस्थापन तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, डिस्प्लेसमेंट म्हणजे तेच हे कळायला मधे एक तास निघून जातो आणि तोवर सर पुढे गेलेले असतात. यावर मी पाहिलेला सगळ्यात चालणारा उपाय असा: प्रत्येक विषयाच्या वहीची शेवटची दहा पानं दुमडून ठेवायची. डावीकडे वर्गात ऐकलेला शब्द, उजवीकडे आपला मराठी शब्द. रोज आठ-दहा. सहा आठवड्यांत त्या विषयाचे नेहमीचे शब्द बहुतेक येऊन जातात. सरकारने केलेले परिभाषाकोश ऑनलाइन आहेत, त्यात विषयवार शब्द मिळतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची मराठी पुस्तकं एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ पोर्टलवर मोफत आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, ती थांबवत थांबवत बघता येतात. वर्गात सरांना थांबवता येत नाही, इथे येतं, हा मोठाच फायदा.

उत्तर मराठीत लिहिता येईल का, हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात विचारा. कला, वाणिज्य शाखांच्या बऱ्याच विषयांत ती मुभा असते आणि ती आहे हे सांगायला कुणी घरी येत नाही.

अभ्यासाची जागा हाही मदतीचाच भाग आहे. खोलीत अभ्यास होत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका, तीन कॉट, एक टेबल आणि कुणाचा तरी व्हिडिओ कॉल चालू असताना कुणाचाच होत नाही. अभ्यासिकेत जागा धरा. फक्त परीक्षेच्या काळात रात्र रात्र तिथे बसायची जी फॅशन आहे, तिच्या नादी लागू नका. दिवसा झोपून रात्री जागणाऱ्याचं जेवण, व्याख्यान आणि माणसं, तिन्ही सुटतात. माझ्याकडे उशिरा आलेल्या मुलींपैकी बहुतेकींची घसरण इथूनच सुरू झालेली होती.

आता एटीकेटी. एखादा विषय राहिला तर पुढच्या वर्षात जाता येतं का, किती विषय राहिलेले चालतात, वसतिगृहाची जागा राहते का, शिष्यवृत्तीवर काय परिणाम होतो, हे चार प्रश्न आहेत आणि चारही उत्तरं लेखी नियमात असतात. सीनियर जे सांगतात ते त्यांच्या वर्षाचं असतं. नियमपुस्तिका मागा. हजेरीचंही तसंच. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते. आजारपणात किंवा मानसिक उपचार चालू असताना वर्ग बुडाले तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच वेळी द्या. सेमिस्टरच्या शेवटी दिलेल्या प्रमाणपत्राकडे कार्यालय कसं बघतं, ते मी त्या कार्यालयात बसून पाहिलंय.

आणि अगदीच झेपत नसेल, मधे थांबायचं असेल, तर तोही रस्ता आता बंद नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चालणाऱ्या अभ्यासक्रमांत एक वर्ष पूर्ण केलेल्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका मिळू शकते आणि मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात. घरी "वर्ष गेलं" हे सांगण्याआधी मेंटॉर आणि परीक्षा विभाग, दोघांशी बोला. पुष्कळदा वर्ष गेलेलंच नसतं.

समुपदेशकांकडे पहिल्यांदा जाताना

कधी जावं? माझा ढोबळ नियम असा: झोप, भूक, अभ्यास आणि माणसांत मिसळणं या चारांपैकी दोन गोष्टी दोन आठवडे बिघडलेल्या असतील तर जावं. कारण सापडायची वाट बघू नये. "एवढं काही झालेलं नाही" म्हणणाऱ्यांनीच आधी जावं, कारण तेव्हा दोन-चार भेटींत भागतं.

पहिल्याच सेमिस्टरला घरची आठवण सगळ्यांना येते. गणपतीत गावी जाता आलं नाही म्हणून रडू येणं हा आजार नाही. पण दिवाळीची सुट्टी लागली, सगळं वसतिगृह रिकामं झालं आणि एखाद्याला घरी जायचीही इच्छा होईना, तर ते वेगळं आहे.

वेळ मागताना लांबलचक खुलासा लागत नाही. असा मेसेज पुरतो: "मॅडम, मी प्रथम वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. तीन आठवडे झोप नीट लागत नाही आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. या आठवड्यात भेटायला वेळ मिळेल का?" समुपदेशन कक्ष कार्यालयाच्या अगदी समोर असतो आणि आत जाताना चार जण बघतात, ही अडचण खरी आहे. फोनवर किंवा ऑनलाइन भेट होते का ते विचारा. नाहीतर तासांच्या मधली वेळ मागा, मधल्या सुट्टीची नको.

भेट साधारण पाऊण तासाची असते. पहिल्या भेटीत त्या जास्त विचारतात आणि कमी सांगतात, त्यामुळे बरेच जण नाराज होऊन बाहेर येतात: "काही उपायच सांगितला नाही." घर, झोप, जेवण, अभ्यास, मित्र, सिगारेट-दारू, कधी मरणाचे विचार आले का, हे सगळं विचारलं जातं. मरणाबद्दलचा प्रश्न सगळ्यांना विचारतात, तुमच्यात काही दिसलं म्हणून नव्हे. खरं उत्तर द्या. निदान तीन भेटी होऊ द्या. त्यानंतरही जुळलं नाही तर दुसरे समुपदेशक मागा. चप्पल चावली तर आपण बदलतोच, त्यात दुकानदाराचा अपमान होत नाही.

घरी कळेल का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तुम्ही अठरा वर्षांचे असाल तर तुमच्या परवानगीशिवाय घरी, विभागात किंवा रेक्टरला सांगायचं नसतं. मुख्य अपवाद एक: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर. सतराव्या वर्षी कॉलेजात आला असाल तर कायद्याने अजून अल्पवयीन आहात, तेव्हा पालकांना काय आणि कधी सांगितलं जाईल, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. आणि नोंदी कुठे ठेवल्या जातात, कोण बघतं, हेही विचारा. चांगले समुपदेशक असं विचारलेलं मनाला लावून घेत नाहीत. जे वैतागतात, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

समुपदेशक औषधं देत नाहीत, ती मनोविकारतज्ज्ञ देतात, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. समुपदेशकांनी तिकडे पाठवलं तर "आपली केस हाताबाहेर गेली" असा अर्थ काढू नका. खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत मानसोपचार विभाग असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केलेले आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं बाह्यरुग्ण तपासणीही करतात. तिथे तपासायला जाणं म्हणजे भरती होणं नव्हे, हे घरच्यांना आधी समजावून ठेवा. उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. गोळ्यांची पट्टी रूमपार्टनरला दिसेल म्हणून फेकून देणारी मुलं मी पाहिली आहेत. साध्या जीवनसत्त्वाच्या डबीत ठेवा, पण घ्या. वरचं लेबल मात्र बदला, नाहीतर रूमपार्टनरच सर्दीला म्हणून एक घेईल.

रूमपार्टनर संकटात असेल तर

रेक्टरला शेवटी कळतं, रूमपार्टनरला सगळ्यात आधी. मेसला न येणं, आंघोळ टाळणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "आता सगळ्यांचा त्रास संपेल" छापाचं स्टेटस, किंवा खूप दिवस खिन्न असलेला माणूस अचानक शांत होणं, हे दिसलं तर दुर्लक्ष करू नका.

सरळ विचारा: "तुला जीव नकोसा वाटतोय का? जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बांध फुटतो. उत्तर "हो" आलं तर भाषण देऊ नका, आईवडिलांची शपथ घालू नका, "इतक्याशा गोष्टीवरून?" तर चुकूनही म्हणू नका. ऐका. त्याला एकटं सोडू नका, दुसऱ्या मित्राला बोलवा आणि एकाने जाऊन रेक्टरला उठवा. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. १४४१६ वर तुम्हीही फोन करू शकता, काय बोलायचं ते तिथले लोक सांगतात. इजा केलेली असेल तर १०८, आणि आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर.

"कुणाला सांगू नकोस" असं वचन मागितलं जातं. देऊ नका. "तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, मी एका मोठ्या माणसाला सांगणारच, पण तुझ्यासोबत येईन," हे म्हणा. दोन दिवस अबोला राहील, राहू दे.

पोलिसांचं लचांड मागे लागेल या भीतीने मुलं लपवतात. २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा द्यायची नसते आणि त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी ठरते. म्हणून दवाखान्यात नेताना खोटं कारण सांगू नका. डॉक्टरांना खरं कळलं तरच योग्य उपचार होतात.

आणि तुम्ही, म्हणजे सांभाळणारे. मित्राचं ओझं महिनाभर एकट्याने वाहिलं तर तुमचाही विषय राहतो. समुपदेशकांकडे स्वतःसाठीही वेळ मागा.

पैशाची काळजी

मेसचं बिल थकलं की मुलगा मेसला जायचा बंद होतो आणि आपल्याला वाटतं तो उदास आहे. कधीकधी तो फक्त उपाशी असतो. म्हणून पैशाची मदत मी या लेखात घेतेच.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्रात वेगवेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि काही अभ्यासक्रमांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. शिष्यवृत्त्यांचे बरेचसे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरले जातात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत जुलै २०२४ पासून आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं, या तीन गोष्टी गावाहून निघतानाच तयार ठेवल्या तर अर्ज अडत नाही.

'कमवा आणि शिका' योजनेला कमी लेखू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं ते याच विचारावर, आणि त्याआधी १९०१ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी बोर्डिंगांची सुरुवात केली होती. आपल्याकडे वसतिगृह हीच मुळात गरीब पोरांच्या शिक्षणासाठीची मदत होती, निजायची जागा नंतर. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज काही तास काम मिळतं. पैसे फार नसतात, पण मेसचं बिल आपलं आपण भरता येतं. शिवाय दिवसाला एक ठरलेली वेळ आणि चार माणसं लाभतात, आणि एकट्या पडलेल्या मुलाला त्याचा किती फायदा होतो हे योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

वेगळी गरज असेल तर

डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, दृष्टी, श्रवण, दीर्घ मानसिक आजार, यांचा समावेश दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. दहावीला सवलत घेतली होती आणि कॉलेजात "आता नको, सगळ्यांना कळेल" म्हणून सोडून दिली, असं करू नका. अर्ज परीक्षेच्या आदल्या आठवड्यात न देता सेमिस्टरच्या सुरुवातीलाच समान संधी कक्षात द्या.

दार उघडलंच नाही तर

समुपदेशकाचं पद रिकामं, मेंटॉर भेटत नाहीत, रेक्टर "अभ्यास करा म्हणजे असले विचार येणार नाहीत" म्हणतात. होतं असं. मीही सुरुवातीच्या वर्षी एका मुलीला जवळजवळ हेच ऐकवलं होतं, अजून लक्षात आहे.

तेव्हा बाहेरचं दार उघडं असतं: १४४१६, जिल्हा रुग्णालय, ठाण्याची आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल हेल्पलाइन. आधी स्वतःची मदत मिळवा, भांडण मागाहून करा.

भांडण करायचं तर लेखी करा. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. लैंगिक छळाची तक्रार मात्र या समितीकडे न नेता अंतर्गत समितीकडे न्यायची. एकट्याने लिहायला धीर होत नसेल तर मजल्यावरच्या दहा जणांनी मिळून "आमच्या वसतिगृहात समुपदेशकांचा एक वार ठरवून द्या" असा अर्ज करा. दहा सह्यांच्या अर्जात कुणा एकाचं नाव पुढे येत नाही. अर्जाच्या दोन प्रती काढा, आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच खिडकीवरून हला.